आपलाच कारखाना

भर मे महिन्यात, बारामती एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडखाली, चपला दाराबाहेर काढून आणि पंखा बंद करून, आम्ही शिकलेसवरलेले इंजिनिअर जमिनीवर रांगत असायचो. खाली सतरंजीएवढा कागद अंथरलेला असे आणि त्यावर लाल, निळ्या, हिरव्या रेघांचं जाळं. पंखा लावला की कागद उडतो, म्हणून पंखा बंद. हातात रंगीत पेन्सिली. प्रत्येकाने आपापल्या रंगाची रेघ पकडून तिच्या शेवटापर्यंत जायचं आणि ती चुकून दुसऱ्या रेघेला कुठे चिकटली तर नाही ना, हे बघायचं. मध्ये आमचे प्रमुख, म्हणजे सर, उभे. एकदा माझ्या कपाळावरचा थेंब कागदावर पडला, तर म्हणाले, "तुमचा घाम निळ्या रेघेवर पडलाय. आपण कृपा करून दुसरीकडे घामाघूम व्हा."

हे असं सगळं 'आपण' आणि 'तुम्ही'मध्ये. मी कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली मुलगी, तरी मला अहो-जाहो. वॉचमनला अहो-जाहो. गेटजवळ पडून असणाऱ्या कुत्र्यालाही, "जरा बाजूला होता का?" आणि याच सुरात, आवाज जराही न चढवता, "तुम्ही अत्यंत बेअक्कल आहात, बसा." एखाद्याने अरे-तुरे करून शिवी दिली तर उलट बोलता येतं. सरांना काय उलट बोलणार?

आमची कंपनी छोटी होती. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर फॅट मोजायला लागणारी इलेक्ट्रॉनिक मशीन आम्ही बनवायचो. दुधातून प्रकाश सोडायचा, तो पलीकडे किती पोचला ते मोजायचं आणि त्यावरून फॅटचा आकडा दाखवायचा, एवढंच ते काम. मालकांना सगळे तात्या म्हणत. सुरुवातीला मशीनमध्ये सुट्या भागांनी गच्च भरलेलं एक सर्किट असे. त्यात धूळ जायची, पाली जायच्या, गावातला सेक्रेटरी ते उघडून फुंकर मारायचा आणि उरलंसुरलं बिघडवायचा. सरांनी तात्यांना पटवलं की हे सगळं सर्किट नखाएवढ्या एका चिपवर बसवता येईल. नव्वदच्या सुरुवातीच्या त्या काळात आमच्याकडे चिप म्हणजे बटाट्याची. चिपा ज्या चकतीवर बनतात तिला वेफर म्हणतात, हे मी घरी उत्साहाने सांगितलं आणि तिथेच चुकले. अम्मी पुढची कित्येक वर्षं नातेवाइकांना सांगत होती, की मुलगी वेफर्सच्या कारखान्यात आहे, पण कधी एक पाकीट घरी आणत नाही.

सर मूळचे भवानीनगरच्या पुढचे, इंदापूर तालुक्यातल्या एका गावचे. वडील प्राथमिक शाळेत गुरुजी होते, ते लवकर गेले. सर शिष्यवृत्तीवर शिकत शिकत थेट बंगलोरला पोचले, तिथे चिपा डिझाइन करायला लागले आणि एक दिवस परत आले. का परत आलात, असं विचारलं की तक्रार केल्यासारखं सांगत, "आई म्हैस सोडेना, म्हणून मला बंगलोर सोडावं लागलं." चाळिशी ओलांडली होती, लग्न केलं नव्हतं. रोज गावाहून मोपेडवरून यायचे, इतके हळू, की उसाच्या बैलगाड्या त्यांना हात दाखवून पुढे जायच्या.

फोनवर 'हॅलो' म्हणणं त्यांना वेळेचा अपव्यय वाटे. रिसीव्हर उचलला की, "...आणि म्हणून ते चूक आहे," अशी सुरुवात. आधीचं वाक्य त्यांनी मनात म्हटलेलं असे, ते आपण ओळखायचं. "झालं का?" असं त्यांनी विचारलं आणि कुणी "जवळजवळ" म्हणालं, की संपलंच. "जवळजवळ म्हणजे नाही. नाही म्हणा." माझ्या अब्बांचं शहरात रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. सर एकदा तिथे सेल घ्यायला आले आणि तारांना सोल्डरिंगचा डाग देण्याची अब्बांची पद्धत कशी चूक आहे, हे गिऱ्हाइकांसमोर समजावून गेले. सेल न्यायचे विसरले. अब्बा मला म्हणाले, "बेटी, दुसरी नोकरी बघ."

तरीही तेव्हा त्यांचा जाच एका मर्यादेत होता, आणि ती मर्यादा तैवानमधल्या एका कारखान्याने घालून दिली होती. डिझाइन पूर्ण झालं की ते टेपवर भरून तिकडे पाठवायचं. तिथून चिपा बनून यायला महिने लागायचे. एकदा टेप गेली की गेली, रेघ हलवता येत नसे. चूक निघाली तर तात्यांचे पैसे आणि अख्खं वर्ष वाया. म्हणून तर ते रांगणं. टेप कुरिअरवाल्याच्या हातात देताना सरांचा चेहरा मुलीची पाठवणी करणाऱ्या बापासारखा होई. त्यानंतर जेवता जेवता भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ते थांबत, म्हणजे काहीतरी सुधारणा सुचलेली असे. पण इलाज नव्हता. ते तळमळत आणि आम्ही सुखाने जेवत असू.

पहिली चिप आली आणि चालली. तात्यांनी पेढे वाटले. सरांनी एक खाल्ला आणि म्हणाले, "साखर जास्त झालीय."

मग विलीनीकरण झालं. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीत आमची कंपनी गेली. तात्या मालकाचे संचालक झाले आणि एक व्हाइस प्रेसिडेंट आम्हाला भेटायला आले. शेडमध्ये खुर्च्या मांडल्या, हार झाले. ते म्हणाले, आता आपण एक कुटुंब आहोत आणि कुटुंबाकडे पुण्याजवळ चिपा बनवण्याचा स्वतःचा कारखाना आहे. यापुढे बाहेर काही द्यायचं नाही. आपली चिप, आपलाच कारखाना. टाळ्या पडल्या. सर उभे राहिले.

"आपल्या कारखान्यात सगळ्यात बारीक रेघ केवढी निघते?"

व्हाइस प्रेसिडेंटनी शेजारच्याकडे पाहिलं. शेजारच्याने कागद चाळून आकडा सांगितला. तैवानच्या रेघेपेक्षा ती दुपटीहून जाड होती.

"म्हणजे बारीक अक्षरात लिहिलेलं सगळं मी आता खडूने लिहायचं. बरं," असं म्हणून सर खाली बसले.

आम्ही मात्र मनातून खूश होतो. तैवान नको, टेपची धाकधूक नको, काही आठवड्यांत चिप हातात, आणि फोनवर मराठी बोलणारी माणसं. आम्हाला काय ठाऊक, की तैवानने आम्हाला सरांपासून वाचवलं होतं!

सगळं डिझाइन जाड रेघांनी पुन्हा काढावं लागलं. कागद हॉलमध्ये मावेना, म्हणून आम्ही व्हरांड्यात रांगायला लागलो आणि शेजारच्या फॅक्टरीतले लोक चहा पिताना आमच्याकडे बघत उभे राहायला लागले. अखेर डिझाइन पुण्याला गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सर आले ते सांगतच, "डाव्या कोपऱ्यातली एक रेघ सरकवायची आहे."

"सर, ते तर गेलं काल."

"गेलं म्हणजे कुठे? पुण्यालाच ना? आपलाच कारखाना आहे ना?"

हे वाक्य ते पहिल्यांदा टोमणा म्हणून बोलले होते. पंधरवड्यात त्यांचा त्यावर विश्वास बसला. चिपेचा प्रत्येक थर छापायला काचेची एक वेगळी पट्टी बनवावी लागते. एक रेघ हलली की ती पट्टी बाद. सर रोज रेघ हलवत होते. आधी जी सुधारणा घशात अडकून राहायची, ती आता फोनवरून थेट पुण्याला जायला लागली.

पलीकडे होत्या कारखान्याच्या मॅडम. पन्नाशीच्या पुढच्या, रसायनशास्त्रातल्या, कारखान्याची सगळी जबाबदारी त्यांच्यावर. त्यांचा पहिला फोन मी घेतला.

"तुमच्या साहेबांना विचारा, की ते रोज घराचा नकाशा बदलतात, तर मी रोज नव्याने विटा भाजू का?"

मी सरांकडे पाहिलं. ते रिसीव्हर घेईनात. "त्यांना सांगा, विटा नीट भाजल्या असत्या तर नकाशा बदलावा लागला नसता."

मी ते सौम्य करून सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "त्यांचे शब्द सांगा. तुमचे नकोत." मग मी जसंच्या तसं सांगितलं. पुढचे कित्येक महिने हेच माझं काम. दोघांची मातृभाषा मराठी, दोघं अतिसभ्य आणि मध्ये मी दुभाषी. रिसीव्हर धरून धरून माझा कान लाल व्हायचा. कुठलीही आई विचारते तसं अम्मी विचारायची, आज ऑफिसात काय केलंस? काय सांगू तिला?

बरं, तैवानकडून खराब माल आला असता तर परत पाठवता आला असता. इथे चकतीवरच्या निम्म्या चिपा मेलेल्या निघायच्या. सर म्हणायचे कारखान्याचा दोष, मॅडम म्हणायच्या डिझाइनचा, आणि व्हाइस प्रेसिडेंट म्हणायचे, "एकाच घरातले आहात, मिटवून टाका." म्हणजे दोष कुणाचाच नाही. उरलेल्या निम्म्या जिवंत चिपा मशीनमध्ये बसल्या आणि गावोगाव गेल्या. सरांच्या गावीही गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात तिथूनच तक्रार आली, की मशीनचा आकडा एका जागी ठरत नाही. सर म्हणाले, सेक्रेटरीला वापरता येत नसेल. कंपनीच्या जीपमधून आम्ही दोघं गेलो. संध्याकाळचं संकलन चालू होतं. पत्र्याची खोली दिवसभर तापलेली, दारात किटल्या घेऊन बायका-माणसांची रांग. रांगेत सरांची आई. ठेंगणी, काटक बाई, डोक्यावर पदर, हातात किटली. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते.

सेक्रेटरीने त्यांचं दूध मशीनमध्ये घातलं आणि आकडा बघून मान हलवली. "मावशी, आजबी खालीच लागली बघा फॅट."

मागून कुणीतरी खाकरलं. कुणीतरी म्हणालं, "हिरीला पाणी बक्कळ दिसतंय यंदा." दोघं-तिघं हसले.

आईंनी मागे पाहिलं नाही. त्या लेकाकडे वळल्या. "आयकलंस? रोज हे चाललंय. मी पाणी घालती म्हणत्यात. आपल्या वस्तीतल्या बायकांच्या किटलीत तसंबी दोनदा वाकून बघत्यात. आता तुजं मशीनबी तेच सांगाय लागलं."

आणि या माणसाने काय म्हणावं? जन्मदात्या आईला, भर रांगेत? म्हणाले, "आई, मशीन खोटं बोलत न्हाय. म्हशीला पेंड कमी पडत आसंल."

मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि तिने यांना पोटात घ्यावं. निदान मला तरी घ्यावं.

आई शांतपणे म्हणाल्या, "मंग तुज्या मशीनला घाल पेंड." आणि किटली उचलून चालू लागल्या.

त्या दिवशी जीप परत गेली. मी त्यांच्याच घरी राहिले, कारण सर म्हणाले, सकाळचं संकलन बघायचं आहे. स्वच्छ सारवलेलं घर, भिंतीवर बुद्धांची तसबीर, मागे गोठा. आईंनी मला पिठलं-भाकरी वाढली, गप्पा मारल्या. लेकाशी एक शब्द नाही. सकाळी आईंनी म्हैस पिळली ती सरांनी समोर बसून पाहिली, किटली स्वतः नेली. फॅट भरपूर लागली. म्हैस तीच, पेंड तीच. सर गप्प झाले. सर गप्प झाले की आम्हाला भीती वाटायची.

दुपारभर ते त्या पत्र्याच्या खोलीत मशीनसमोर मांडी घालून बसले. ऊन चढलं तसं त्यांनी सकाळचंच राखून ठेवलेलं दूध पुन्हा पुन्हा तपासायला लावलं. आकडा घसरत होता. संध्याकाळी रांग लागली तेव्हा त्यांनी कोपऱ्यावरच्या सरबतवाल्याकडून बर्फ आणला, ओल्या गोणपाटात गुंडाळून मशीनच्या चारी बाजूंनी लावला आणि सगळ्यांना थांबवून ठेवलं. लोक वैतागले. वासरं ओरडतायत, दूध नासतंय, हे काय चाललंय? मशीन गार झाल्यावर सरांनी आईंचं दूध घातलं. आकडा वर गेला. गोणपाट काढलं, थोडं थांबले. आकडा परत खाली आला.

सर उठले आणि रांगेकडे तोंड करून म्हणाले, "मशीन चुकतंय. मशीन मी बनवलंय. माझ्या आईच्या दुधात पाणी न्हवतं. आजपातुर संध्याकाळी ज्यांची ज्यांची फॅट कमी लागली, त्यांच्याबी न्हवतं."

रांगेतले एक म्हातारे आबा म्हणाले, "मंग इतकं दिस आमी बोलणी खाल्ली त्याचं काय?"

आई मागून म्हणाल्या, "म्या सांगितलं तवाच बर्फ आणला आसता तर?"

सरांनी सेक्रेटरीला मशीन बांधून ठेवायला सांगितलं आणि फॅट मोजायच्या जुन्या ॲसिडच्या नळ्या कपाटातून बाहेर काढायला लावल्या. दोन दिवसांत बातमी बारामतीच्या पलीकडच्या पणदऱ्यापर्यंत पोचली आणि गावोगावची केंद्रं मशीन बांधून ठेवायला लागली.

व्हाइस प्रेसिडेंट बारामतीत धडकले. आता हार नव्हते. "स्वतःच्या मालाची स्वतः बदनामी! असा माणूस मी पाहिला नाही."

"आता पाहिलात," सर म्हणाले.

"मशीनमध्ये एक छोटा पंखा बसवा आणि पुढचा माल पाठवा."

"त्या खोलीत दूध मोजणाऱ्या माणसाला पंखा नाही. मशीनला लावू?"

"अहो, आपलाच कारखाना आहे. तो बंद ठेवता येत नाही. चिपा बनल्यात, त्या कुठेतरी गेल्या पाहिजेत."

तेव्हा इतका वेळ कोपऱ्यात बसलेले तात्या उठले. संचालक झाल्यापासून त्यांना बोलताना कुणी फारसं ऐकलं नव्हतं. म्हणाले, "गोदामाची किल्ली माझ्याकडं हाय. हे म्हणत न्हाईत तवर मशीन जाणार न्हाय. माझ्या गावातली माणसं हायत ती, मला तोंड दाखवायचंय." शेवटी मोठ्या नाइलाजाने पावसाळ्यापर्यंतची मुदत मिळाली.

सर पुण्याला निघाले. मॅडमशी समोरासमोर भांडायला. साक्षीदार म्हणून मी.

पांढरे डगले, टोप्या, बुटांवर पिशव्या चढवून आम्हाला आत नेलं. काचेपलीकडे मुली चकत्या भट्टीत सरकवत होत्या, काढत होत्या, धूत होत्या, पुन्हा सरकवत होत्या. सर काचेला नाक लावून उभे. कितीतरी वेळ हलले नाहीत. मग माझ्या लक्षात आलं, की आयुष्यभर चिपा काढणाऱ्या या माणसाने चिप बनताना कधी पाहिलीच नव्हती. बंगलोरहूनही टेपच जायची.

"बघा," मॅडम म्हणाल्या, "याला रोज थांबवता तुम्ही."

कँटीनमध्ये भांडण सुरू झालं. मॅडमचं म्हणणं, भट्टी जुनी आहे, चिपा उष्णतेत गळणारच. नळ बंद केला तरी थेंब थेंब पाणी पडतं, तसा करंट गळतो. दुधातून येणारा प्रकाश मुळात इतका थोडा, की गळणारे थेंबही त्यात मोजले जातात. मशीनला वाटतं जास्त प्रकाश आला, म्हणजे दूध पातळ.

"मग भट्टी बदला," सर म्हणाले.

"मी मागून थकले. देत नाहीत. म्हणतात, माल तर निघतोय ना? आणि तुम्ही तरी काय केलंत? तैवानच्या भट्टीसाठी काढलेलं चित्र जाड करून माझ्या गळ्यात मारलंत. माझी भट्टी कशी आहे, हे एकदा तरी विचारलंत? एवढे फोन केलेत, त्यात एकदा तरी?"

सरांनी चहा बाजूला सारला. मला वाटलं, आता 'तुम्ही अत्यंत बेअक्कल आहात' येणार. ते म्हणाले, "सांगा. काय काय नीट होतं तुमच्या भट्टीत?"

मॅडम सांगत गेल्या आणि सरांनी ऐकलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं, नाहीतर विश्वास ठेवला नसता.

सर तिथेच राहिले, मी परतले. सकाळी डिझाइन काढायचं, दुपारी मॅडमच्या प्रयोगशाळेत चिपा तापवून मोजायच्या, संध्याकाळी भांडायचं. गळती थांबत नाही म्हटल्यावर त्यांनी प्रकाश मोजणाऱ्या भागाभोवती जाड कुंपण घातलं आणि त्याच्या शेजारी तसाच एक जुळा भाग ठेवला, पण अंधारात. त्याच्यावर प्रकाश पडणारच नाही, तो फक्त गळणार. जेवढा तो गळेल तेवढं पहिल्यातून वजा करायचं. कल्पना सरांची की मॅडमची, यावर दोघांचं आजही एकमत नाही. दोघंही म्हणतात, ती माझी.

इकडे बारामतीत आम्ही पुन्हा रांगत होतो. फोन यायचा, "...आणि म्हणून लाल रेघ परत बघा." चिप आधीपेक्षा खूपच मोठी झाली, कुंपणांनी भरलेली, धिमी. सरांना ती बघवेना. त्यांनी तिचं नाव रेडा ठेवलं आणि कुणी तिचं कौतुक केलं की चिडायचे.

रेडा आला तोवर आभाळ भरून आलं होतं आणि उन्हाळा संपला होता. तापवून बघायचं कुठे? प्रयोगशाळेतल्या पेटीवर सरांचा विश्वास नव्हता. त्यांना खरी, घामट, धुरकट उष्णता हवी होती. शेवटी माझ्या मामूंच्या बेकरीत, भट्टीच्या तोंडाशी, मशीन मांडलं. आईंनी पाठवलेलं दूध आम्ही दिवसभर मोजत राहिलो. मामूंची खारी त्या दिवशी करपली आणि त्यांनी मला आणि माझ्या शिक्षणाला जे बोलायचं ते बोलून घेतलं. पण आकडा हलला नाही. सर घामाने निथळत मशीनकडे बघत म्हणाले, "काय ही अवकळा. पण खरं बोलतंय."

तात्यांनी गोदाम उघडलं. जुनी मशीन गावोगावहून परत आणून त्यात रेडा बसवला. आपल्या गावातलं मशीन बसवायला सर स्वतः गेले, आणि ते लागेपर्यंत सकाळ-संध्याकाळ आईंची किटली त्यांनीच उचलली, रांगेत उभे राहिले, लोकांची बोलणी खाल्ली. आई त्यांच्याशी बोलायला लागल्या ते त्यानंतर.

काही वर्षं गेली. दशक संपत आलं तशा बाहेरून स्वस्त चिपा यायला लागल्या आणि मुख्य कार्यालयाने हिशोब मांडून पुण्याचा कारखाना बंद करायचं ठरवलं. ज्यांनी 'आपलाच कारखाना' म्हणून टाळ्या घेतल्या होत्या, त्याच व्हाइस प्रेसिडेंटनी सांगितलं, की यापुढे सगळं बाहेरून. आता गंमत अशी, की रेडा बाहेर कुठेच बनेना. त्या एका भट्टीच्या खोडी ओळखून तो काढलेला. चांगल्या भट्टीत तो चालेचना. पुन्हा सगळं बारीक रेघांनी काढायला हवं होतं. सरांना सांगितलं, तर म्हणाले, "मला आता येत नाही." शुद्ध खोटं. मग राजीनामा दिला आणि गावी जाऊन बसले. मॅडमनी निवृत्ती घेतली. सरांची खुर्ची मला मिळाली आणि तिच्याबरोबर तो कागदही.

सुटले, असं मला वाटायला हवं होतं. ऑफिसात पंखा चालू, फोन वाजला की पलीकडून 'हॅलो' ऐकू येतं. नवं डिझाइन मी काढलं. पण ते बाहेर पाठवायची वेळ आली तेव्हा हात पुढे होईना. एका रविवारी कागदाची गुंडाळी घेऊन मी त्यांच्या गावी गेले.

त्यांनी कागद अंगणात अंथरला, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि स्वतः गुडघ्यांवर बसले. थकलेले दिसत होते. पेन्सिल घेऊन रेघेमागून रेघ बघत होते, पण काही बोलत नव्हते. एकही चूक काढली नाही. इतक्या वर्षांत त्यांनी माझं काहीही न बोलता सोडलं नव्हतं. आई गोठ्यातून बघत होत्या. मला खुणेने बाजूला बोलावून म्हणाल्या, "असंच करतोय. कुणाशी भांडत न्हाय, काय न्हाय. जेवतो आन् बसतो."

तेवढ्यात फाटकाशी कुणीतरी उभं राहिलं. हातात कापडी पिशवी, चेहरा उन्हाने लाल. मॅडम. पुण्याहून एसटीने, न कळवता.

नमस्कार वगैरे काही नाही. म्हणाल्या, "शेवटच्या लॉटमधल्या अर्ध्या चिपा गेल्या तेव्हा भट्टी चुकली म्हणालात तुम्ही. मी घरी बसून सगळं परत तपासलं. भट्टी चुकली नव्हती. तुमचं कुंपण तोकडं होतं."

सर गुडघ्यांवरून उठले. इतक्या चपळाईने त्यांना उठताना मी आधी पाहिलं नव्हतं. "आत या आणि सिद्ध करा."

आई पदराला हात पुसत पुढे आल्या. "कोण ह्या?"

"कारखान्याच्या मॅडम, आई. पुण्याच्या."

आईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. "म्हंजी माज्या म्हशीला खोटं पाडलं ती हीच बाई व्हय?"

मी कागदाकडे बघत राहिले. मॅडम कधी कुणापुढे हटलेल्या मला ठाऊक नव्हत्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली. "हो. मीच. आणि हे. दोघांनी मिळून."

आईंनी ती पिशवी उचलून ओसरीवर ठेवली. मग म्हणाल्या, "मंग या आत. आदी जेवा दोघंबी. भांडण कुठं पळून चाललंय?"

मी त्यांच्या मागोमाग ताटं घ्यायला स्वयंपाकघरात गेले. बाहेर अंगणात तोवर सुरू झालं होतं.